वीस मिलिमीटरचा भोवरा

"चावी कुठे?"

साचिएनं बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. चक, म्हणजे लेथचा फिरणारा जबडा, आवळायची चावी त्यातच खोचलेली होती. तिनं ती मुकाट्यानं काढून ट्रेमध्ये ठेवली.

"लेथ चालू झाला असता तर ती सुटून सरळ कपाळावर आली असती," खिडकीजवळच्या खुर्चीतून तिचा नवरा मोरिओ म्हणाला. "मग मला स्वयंपाक शिकावा लागला असता."

"त्यापेक्षा माझं कपाळ फुटलेलं परवडेल."

हिगाशी-ओसाकातल्या त्या गल्लीत इनुईंचं वर्कशॉप मोरिओच्या वडिलांपासून होतं. त्या वर्षी वसंतात मोरिओला अर्धांगाचा झटका आला. माणूस वाचला, बोलणंही पहिल्यासारखं तिखट राहिलं, पण उजव्या हाताची पकड गेली. उन्हाळ्यात मोठा लेथ विकून टाकला. तो उभा होता तिथे जमिनीत बोल्टांची भोकं तेवढी उरली.

मग एक दिवस कारागीर मंडळाचे प्रमुख तोकुमित्सु घरी आले. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले आणि उठता उठता मुद्द्यावर आले. मंडळाच्या भिंतीवर प्रत्येक वर्कशॉपची लाकडी पाटी असते, आणि ज्याचं यंत्र चालतं त्याचीच पाटी राहते. यंत्र चालतं याचा पुरावा म्हणजे लोहाराच्या भात्याच्या सणाला होणारी भोवऱ्यांची झुंज. घरच्या यंत्रावर घरच्या माणसानं केलेला भोवरा रिंगणात उतरला पाहिजे.

"नाहीतर नव्या वर्षात पाटी उतरवावी लागेल, मोरिओसान. मलाही बरं वाटत नाही."

मोरिओ काहीच बोलला नाही. साचिएला तेच सहन झालं नाही. हा माणूस गप्प बसतो म्हणजे काय! ती इतकी वर्षं याच वर्कशॉपमध्ये जॉबच्या, म्हणजे कापलेल्या तुकड्यांच्या, कडा घासत आली होती, माल मापून बांधून देत आली होती. लेथला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता. पुढच्याच आठवड्यात तिनं टेबलावर मावणारा छोटा लेथ मागवला.

"हे काय, शिवणाचं मशीन?" मोरिओनं विचारलं.

"हो. तुमच्या तोंडाला टाके घालायला."

लेथ आला तो चिकट पिवळ्या ग्रीसमध्ये माखून. साचिएनं रॉकेलच्या फडक्यानं तो पुसून काढला आणि लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या लांब लोखंडी पाठीवर, पातळ तेलाचा हात फिरवला. मोरिओनं लोखंडी टेबलाचा हट्ट धरला. लाकूड हवेनुसार फुगतं, आकसतं, असं त्याचं म्हणणं. टेबलावर लेथ बसवून तिनं चारही बोल्ट जीव खाऊन आवळले आणि पितळेची सळई चकमध्ये धरून पहिला जॉब कापला. मापला तर चकजवळ जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक.

"टूल खराब आहे," ती म्हणाली.

"टूलला काय बोलतेस? बेड पिळलाय."

"लोखंड आहे ते!"

"लोखंडच पिळतं. एवढ्याशा बेडला तू टेबलाच्या आकारात आवळून टाकलंस. सैल कर बघू."

तिनं बोल्ट सैल केले तेव्हा एका कोपऱ्याखाली कागद सरकेल एवढी फट निघाली. चहाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून तिनं तिथे सारली, हलक्या हातानं बोल्ट लावले आणि पुन्हा कापलं. फरक निम्म्यावर आला. आणखी एक पट्टी सारल्यावर दोन्ही टोकांचं माप जुळलं. तिनं मायक्रोमीटर नवऱ्याच्या डोळ्यांपुढे धरला. त्यानं चष्मा वर केला, खाली केला आणि "हं" म्हणाला. चांगल्या जॉबला मोरिओ यापेक्षा जास्त काही म्हणत नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

पाऊणशे गोष्टी शिकायच्या होत्या. टूलचं टोक जॉबच्या बरोब्बर मध्यावर यायला हवं. किंचित वर गेलं तर ते कापण्याऐवजी घासत बसतं. लेथपाशी हातमोजे घालायचे नाहीत. एक धागा अडकला की मोज्यासकट हात आत जातो. बाह्या कोपरावर, केस टोपीत, डोळ्यांवर चष्मा. धातूचा कीस ब्रशनंच झाडायचा, आणि तोही यंत्र थांबल्यावर. एकदा तिनं सवयीनं बोट पुढे केलं तेव्हा मोरिओनं पायातली सपात फेकून मारली.

"माणसाला सपाता मारतात?"

"मोजायला दहा बोटं लागतात. हिशेब तू करतेस ना?"

काम संपलं की ती बेड पुसायची, तेल लावायची, सरकणाऱ्या भागातला ढिलेपणा स्क्रूनं काढायची. हिवाळा लागेपर्यंत मोरिओची शिकवणी कमी झाली आणि नुसती बडबड उरली. लेथ नीट चालतोय याची ती खूण होती.

भोवऱ्याला एकच अट होती. व्यास वीस मिलिमीटरपेक्षा जास्त नको. तोकुमित्सुंजवळ पोलादाची एक रिंग होती. भोवरा जोर न लावता तिच्यातून खाली पडला तर पास. वजन जितकं बाहेरच्या कडेला तितका भोवरा जास्त वेळ फिरतो, त्यामुळे प्रत्येक कारागीर वीसच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचा. अर्थात त्यात निम्मं कारण मिजास हेच असायचं.

"मिलिमीटरचे दोन शतांश कमी ठेव," मोरिओ म्हणाला. "पहिलीच वेळ आहे. पाटी वाचली म्हणजे झालं."

"तुम्ही कधी दोन शतांश कमी ठेवलेत?"

"माझी गोष्ट वेगळी."

"का? तुमचे हात सोन्याचे होते?"

तिनं शेवटचा हात इतका बारीक घेतला की कीस धुरासारखा उडाला. लगेच मापायचं नाही हे तिला माहीत होतं. कापताना पितळ तापतं, आणि तापलेलं पितळ मोठं असतं. रात्रभर भोवरा टेबलावर ठेवून तिनं सकाळी मापला. वीसला अर्ध्या शतांशाहूनही कमी बाकी होतं. भोवरा इतका देखणा दिसत होता की तिला तो डब्यात ठेववेना.

तोकुमित्सुंचं मंडळ भात्याचा सण जुन्या पंचांगाप्रमाणे पाळतं, म्हणजे कडाक्याच्या थंडीत. त्या दिवशी यंत्रांना विश्रांती. त्यांच्यावर संत्री ठेवतात, तांदळाची साके दारू शिंपडतात, आणि कुणीही बटणाला हात लावत नाही. साचिएनंही लेथवर संत्रं ठेवलं. मोरिओनं डाव्या हातानं तिच्या कोटाच्या खिशात ऊब देणारी पुडी सारली. "बोटं आखडली तर भोवरा फिरवशील कशानं?" तिनं भोवराही त्याच खिशात टाकला आणि दोघं निघाली तेव्हा वाटभर मुठीत धरून ठेवला.

मंडळाच्या शेडचं शटर उघडंच होतं. बोलणाऱ्यांच्या तोंडांतून वाफा निघत होत्या. तोकुमित्सुंनी रिंग फडक्यानं पुसून दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवली.

"इनुई वर्कशॉप."

साचिएनं भोवरा खिशातून काढून रिंगेच्या तोंडावर ठेवला. तो तिथेच बसून राहिला.

तोकुमित्सुंनी हलकेच रिंग हलवली. भोवरा ढिम्म. मागे कुजबूज सुरू झाली. पलीकडच्या गल्लीतला उएगाकी पुढे वाकला. संगणकावर चालणाऱ्या लेथचा मालक, तिशीतला, तोंडाळ पोरगा.

"काकू, घरी जाऊन एक हात फिरवून आणा."

"आज यंत्र चालत नाही," तोकुमित्सु म्हणाले.

आज नाही म्हणजे या वर्षी नाही. साचिएनं भिंतीवरच्या पाटीकडे बघायचं टाळलं आणि मोरिओकडे बघितलं. तो काठीवर रेलून खाली बघत होता. दोन शतांश, असं तो म्हणणार आणि आयुष्यभर म्हणत राहणार.

तिनं घरी घेतलेलं माप पुन्हा आठवलं. चूक नव्हती. तीन वेळा मापलं होतं. तिनं भोवऱ्याच्या दांड्याला बोट लावलं आणि तिच्या जिवात जीव आला. भोवरा गरम होता, ताज्या उकडलेल्या अंड्यासारखा.

"तोकुमित्सुसान, नियमात वेळ सांगितलीय का?"

"कसली वेळ?"

"किती वेळात पडला पाहिजे त्याची."

"जोर न लावता पडला पाहिजे, एवढंच आहे."

"मग हात लावू नका. असू दे तसाच."

"साचिएसान, मोठा भोवरा वाट बघून लहान होत नाही."

"मोठा नाहीये तो. तापलाय. ऊब देणाऱ्या पुडीबरोबर आलाय माझ्या खिशातून, आणि तुमची रिंग रात्रभर इथे गारठून लहान झालीय. पितळ निवेल, रिंग त्याची ऊब घेईल. दोघांचं जमेल."

मोरिओनं मान वर केली. "पुडी मी दिली होती," तो म्हणाला. मग स्वतःशीच, "जन्म गेला लेथवर, आणि जॉब गरम करून पाठवला!"

कुणीतरी हसलं. तोकुमित्सुंनी हाताची घडी घातली आणि मागे सरले. संत्री सोलली गेली, चहा फिरला, पण कुणी लांब गेलं नाही. उएगाकी तर नाक रिंगेला लावून बसला होता.

"श्वास दुसरीकडे सोड रे," साचिए म्हणाली. "तुझ्या तोंडाच्या वाफेनं पुन्हा तापेल."

टिक.

भोवरा आपसूक रिंगेतून खाली घसरला आणि फडक्यावर आडवा झाला. क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग शेडमध्ये असा काही गलका उठला की साके शिंपडणाऱ्या म्हाताऱ्यानं घाबरून बाटलीच सोडली.

"पास," तोकुमित्सु म्हणाले. त्यांनी भोवरा उचलून रिंगेवर पुन्हा ठेवला. या वेळी तो थांबलाच नाही. "केवढासा फरक ठेवलाय हो! माझी सोय बघायची नाही का थोडी?"

झुंजीत पहिलाच सामना उएगाकीशी आला. साचिएनं दांडा चिमटीत धरून पीळ दिला. भोवरा बशीसारख्या खोलगट रिंगणाच्या मधोमध जाऊन इतका स्थिर उभा राहिला की तो फिरतोय हे फक्त त्याच्यावरच्या उजेडावरून कळत होतं. उएगाकीचा वजनदार भोवरा येऊन धडकला, मागे हटला, पुन्हा धडकला आणि डुलत कडेला पडला. दुसऱ्या डावात मात्र त्यानं साचिएचा भोवरा बाहेर फेकला. तिसऱ्यातही.

हरणाऱ्यानं आपला भोवरा जिंकणाऱ्याला द्यायचा, असा झुंजीचा रिवाज. साचिएनं तो दोन्ही हातांनी पुढे केला. उएगाकीनंही मान झुकवून दोन्ही हातांनी घेतला आणि उजेडात धरून फिरवला.

"काकू, हा टेबलावरच्या लेथवर केलात?"

"भात शिजतोय तोवर."

"थापा मारू नकोस," मोरिओ मागून म्हणाला. "तीन वेळा भात करपला."

झुंजी संपल्यावर तोकुमित्सु शिडी आणायला निघाले. पाटी राहणार होती, तिच्यावरची वर्षाची धूळ तेवढी पुसायची होती.

"थांबा," मोरिओ म्हणाला. "पाटीवर माझं नाव आहे."

"मग?"

"लेथ चालवणाऱ्याचं नाव असतं ना पाटीवर? मी काय चालवतो? टीव्हीचा रिमोट. तोही ही हिसकावून घेते."

तोकुमित्सुंनी साचिएकडे बघितलं. मोरिओ शटरबाहेरच्या सायकलींकडे बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. तिनं मान डोलावली.

पाटीची मागची बाजू कोरी होती. तोकुमित्सुंनी ब्रश शाईत बुडवून सावकाश अक्षरं काढली. इनुई वर्कशॉप. खाली, इनुई साचिए.

शिडीवर ती स्वतः चढली. एवढं उंच चढणं तिच्या वयाला शोभत नाही असं कुणी म्हणालं, तिनं ऐकलं नाही.

"डावी बाजू खाली आहे," मोरिओ खालून ओरडला. "अजून जरा. नाही, जास्त झालं. आता उजवी—"

"अहो, पुरे," साचिए वरून म्हणाली. "माझी पाटी आहे. मला दिसतंय."