चार नंबरच्या चॅनेलचे वीस दिरहम

अजमानच्या आमच्या बिल्डिंगमध्ये टीव्हीवर चार नंबर दाबला की लॉबी दिसते. खाली दारात कोण आलंय ते वर घरात बसून कळावं, एवढ्यासाठी ही सोय. इकडे पुष्कळ बिल्डिंगांत असते. पण आमच्याकडे राजाभाऊ राहायला आले आणि त्या गरीब कॅमेऱ्याचं प्रक्षेपण केंद्र झालं.

राजाभाऊ म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या अस्मिताचे वडील. जन्म रत्नागिरीच्या पोस्टात गेला. रेडिओ ठेवायला लायसन लागायचं त्या काळात ते खिडकीत बसून लायसनच्या पुस्तकावर शिक्के मारायचे. "घरोघरचे पंधरा रुपये यायचे आणि त्यावर अख्खा देश गाणी ऐकायचा," हे ते अशा थाटात सांगतात, जणू गाणी त्यांनीच म्हटली होती. लेकीकडे करमेना, तेव्हा त्यांनी डिशवाल्या हमीदकडून कॅमेऱ्याला माइक जोडून घेतला आणि दर शुक्रवारी, म्हणजे इकडच्या शुक्रवार-शनिवार सुट्टीतल्या पहिल्या दिवशी, सकाळी दहाला लॉबीतल्या सोफ्यावर बसून बातम्या द्यायला लागले. एरवीही सकाळभर ते त्या सोफ्यावरच असत. कोण इंडियाला चाललंय, त्याच्या बॅगेत किती किलो जागा आहे, कुणाकडे बाळ झालं, मोहिद्दीनभाईंच्या दुकानात सुरमईचा भाव काय. ज्याला काही सांगायचं असेल त्याने वॉचमनच्या टेबलावर इंटरकॉम करायचा.

मग कॅमेऱ्याच्या आणि माइकच्या खर्चासाठी त्यांनी फी बसवली. दर घरी महिना वीस दिरहम, बघा नाहीतर बघू नका. जाहिरात घ्यायची नाही आणि खोटं बोलायचं नाही, ही दोन तत्त्वं. "निदान सुरमई ताजी आहे एवढं तरी म्हणा," असं मोहिद्दीनभाई विनवत राहिले. राजाभाऊ दर गुरुवारी दुकानात जाऊन मासळी हुंगून यायचे आणि मगच काय ते म्हणायचे.

दोन वर्षं कुणी कुरकुर केली नाही. दोन हजार नऊच्या मार्चमध्ये मात्र माझं पित्त खवळलं.

तत्त्वासाठी खवळलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसने मला जानेवारीत बिनपगारी रजेवर पाठवलं होतं. ज्या टॉवरची एस्टिमेट्स मी करत होतो तो अकराव्या मजल्यावर थांबला होता. "व्हिसा चालू ठेवतो, काम आलं की बोलावतो, इन्शाल्ला," असं साहेब म्हणाले. हे घरी बायकोला, मृणालिनीला, सांगायला माझी जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करत मी रोज सातला टाय लावून, डबा घेऊन निघायचो. कोर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, गाडीत बसायचो. अकरापर्यंत ऊन चढायचं, पेट्रोल जाळून एसी लावायची हिंमत नव्हती. तेव्हा परत बिल्डिंगमध्ये यायचं आणि गच्चीवरच्या खोलीत पाचपर्यंत लपायचं. त्या खोलीला हेल्थ क्लब म्हणतात. तिथे एक मोडकी ट्रेडमिल आहे आणि फुकटचा एसी आहे. पाचला मागच्या जिन्याने पार्किंगमधून सटकायचं आणि सहाला पुढच्या दाराने थकून यायचं. थकण्याचा मला अभिनय करावा लागत नसे.

अडचण एकच. पार्किंगचं दार बाहेरून उघडत नाही. त्यामुळे अकराला लॉबी ओलांडणं भाग होतं, आणि मृणालिनी स्वयंपाक करताना चार नंबर लावून बसायची. मी तोंडासमोर पेपर धरून सटकत असे. रोज वाटायचं, आज पकडलो जाणार. अडीच महिने पकडलो गेलो नाही, पण माणूस किती दिवस पेपर धरून जगणार? ते चॅनेल बंद पडल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती.

मी प्रचार सुरू केला. लिफ्टमध्ये, जिन्यात, मोहिद्दीनभाईंच्या दुकानात. "वीस दिरहम म्हणजे दोनशे साठ रुपये. वर्षाचे दोनशे चाळीस, म्हणजे तीन हजार एकशेवीस रुपये! कशासाठी? लॉबी बघायला?" पगार सगळ्यांचेच कापले होते, त्यामुळे माझं म्हणणं पटकन पटायचं. दुसऱ्या मजल्यावरचं केरळी कुटुंब दोन वर्षं एक शब्द न कळता फी देत होतं, त्यांना तर मी देवमाणूस वाटलो. राजाभाऊंच्या कानावर गेलं तेव्हा ते स्वतःच दारात आले.

"अरुणराव, शुक्रवारी तुम्ही बोला. चॅनेल का बंद करावं ते चॅनेलवरच सांगा. मग लगेच मत घेऊ."

"तुमच्याच माइकवरून?"

"माझा कुठला? वीस दिरहम तुम्हीही देता की."

 या माणसाला इथे दुसरा उद्योग नाही, हे मला ठाऊक होतं. वाईट वाटलं. पण माझं घर वाचवायचं होतं, त्यापुढे त्यांचा सोफा काय!

शुक्रवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून राजाभाऊंशेजारी बसलो. वॉचमन खैरुद्दीन कॅमेऱ्याखाली स्टुलाजवळ उभा होता. मी बोललो, आणि सांगायला हरकत नाही, फार छान बोललो. नको असलेल्या गोष्टीचे पैसे द्यायला लावणं हा अन्याय कसा, बातम्या फोनवरही कळतात, मंदीत शहाण्याने कुठे हात आखडावा. मग मी शेवटचा बाण काढला. मृणालिनीच रोज जेवताना ही तक्रार करायची, तिथूनच तो मला मिळाला होता.

"आणि सर्व्हिस कशी? रोज मध्येच दोन मिनिटं चित्र गुल! नुसता अंधार! अंधाराचे पैसे द्यायचे का आपण?"

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. राजाभाऊंनी रिसीव्हर माइकजवळ धरला. पलीकडे खुद्द मृणालिनी.

"राजाभाऊ, हे अगदी खरं आहे हां. अकराला कुकर लावते आणि नेमकं ते जातं. फॉल्ट काय आहे? हमीदला दाखवलंत का?"

"फॉल्ट नाही, वहिनी," राजाभाऊ म्हणाले.  "मीच करतो. स्टुलावर चढून कॅमेऱ्यावर माझी टोपी घालतो. दोन मिनिटांनी काढतो."

सत्तरीचा माणूस स्टुलावर चढतो, हे ऐकून खैरुद्दीनने मान खाली घातली. स्टूल तोच धरत असणार.

"पण का?"

"ते सांगणार नाही. कुणाच्या तरी घरची गोष्ट आहे. ती काही बातमी नव्हे."

 दोन मिनिटं. रोज. अकराला. मी पेपर धरून स्वतःला हुशार समजत होतो तेव्हा वरच्या सगळ्या टीव्हींवर अंधार होता. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं, पण तो माझ्याकडे बघायला तयार नव्हता. एक नाव घेतलं असतं तर त्याचं चॅनेल वाचलं असतं.

इंटरकॉमची रांग लागली. कुबराभाभी, म्हणजे मोहिद्दीनभाईंची बायको, तिसऱ्या मजल्यावरून कडाडली, "पैसे आमचे आणि झाकाझाकी तुमची? वाह! खलास, बंद करा हे!" अस्मिता नुसतं "बाबा, काय हे?" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. पोस्टातला माणूस, आयुष्यात प्रथमच हिशेबाबाहेर काही केलं आणि सगळ्यांदेखत चोर ठरला. आता मी काहीच करायचं नव्हतं. तोंड मिटून बसलो असतो तर मी जिंकलोच होतो.

मला माझीच इतकी शिसारी आली की मी माइक ओढला.

"मृणालिनी, अकराला जो येतो ना, तो मी असतो. मला पगार नाही. जानेवारीपासून. मी वर गच्चीवर बसतो."

फोन वाजायचे थांबले. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरात आत्ता मी दिसतोय, हे आठवलं आणि कुठे बघावं ते कळेना. मग लिफ्टच्या दारावरचा पाचचा आकडा हलला. पाच आमचा मजला. चार, तीन, दोन. मला एवढी भीती ऑफिसात रजेचं पत्र हातात घेतानाही वाटली नव्हती.

मृणालिनी बाहेर आली. हाताला कणीक तशीच. मागे शुभ्रा, वय वर्षं नऊ. ती डोळे विस्फारून म्हणाली, "बाबा, यू आर स्टिल ऑन टीव्ही!"

"अडीच महिने?" मृणालिनीने विचारलं.

"हो."

"आणि डबा? डबा कुठे खायचास?"

"ट्रेडमिलवर बसून."

तिचा चेहरा वाकडा झाला. मला वाटलं आता रडणार. ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. "मूर्खा," ती म्हणाली, "गार पोळ्या खात बसलास तिथे? मी फक्त एक मजला खाली होते. गरम जेवत होते!" तिने कणकेच्या हातानेच माझा इस्त्रीचा शर्ट धरला आणि मी, बेचाळीस वर्षांचा घोडा, सगळ्या बिल्डिंगसमोर तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. कुणी कॅमेरा झाकला नाही, आणि मला कुणी झाकावा असं वाटलंही नाही.

राजाभाऊंनी घसा साफ केला. "मत घ्यायचं ठरलं होतं," ते पडेल आवाजात म्हणाले. "मी चित्र बंद केलं ते नियमाला धरून नव्हतं. ज्यांना फी बंद करायची असेल त्यांनी सांगा."

एकच इंटरकॉम वाजला. कुबराभाभी होती. ती काहीतरी बोलणार होती, पण पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. केरळी कुटुंबातले काका तेवढे जिन्याने खाली येऊन हिंदीत म्हणाले, "क्या हुआ मालूम नहीं, लेकिन आज का प्रोग्राम बहुत अच्छा था."

मृणालिनीने डोळे पुसले. पुसताना कपाळाला कणीक लागली. मग ती माइककडे वळली.

"राजाभाऊ, आमचे वीस दिरहम घेत जा. पण रविवारपासून अकराला टोपी घालू नका. हा दारात दिसला की मला पोळी टाकायचीय."