माका कदेल नाका

गप्प बसणं म्हणजे संजना मॅडमना शिक्षाच. डिचोलीचं तोंड ते, जन्मात कधी आवरलं नव्हतं! पण नियम त्यांनीच घातलेला: पेशंटची केस पोरांनी सोडवायची, मास्तरणीने नुसते प्रश्न विचारायचे. विभागप्रमुख अनंत सरांना ही सगळी थेरं वाटत. "आज ही बॅच फसली, तर सोमवारपासून मुकाट्याने लेक्चर," असं बजावून ते मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते.

केस म्हणजे पेडण्याकडच्या चोपड्याची शेवंतीमावशी, समोरच बसलेली. अर्धांगाच्या झटक्याला तीन महिने झालेले. उजवा हात थोडा हलायचा; पण ऑक्युपेशनल थेरपीत टेबलाशी बसवून ठोकळे दिले की मावशी तोंड फिरवायची. बॅचमधल्या सुदेशने फळ्यावर लिहिलं, 'पेशंटची इच्छा नाही. थेरपी बंद करावी.'

अनंत सर मुद्दाम खाकरले. मॅडमच्या जिभेवर उत्तर नुसतं नाचत होतं. मेल्यांनो, कान कुठे गहाण टाकलेत? पण ओठ दाबून त्यांनी एवढंच विचारलं, "मावशी काय म्हणाली होती?"

"नाका म्हणाली, मॅडम."

"पुरतं वाक्य सांग."

गौरवी, पेडण्याचीच पोर, वहीची पानं उलटू लागली. "माका कदेल नाका," तिने वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगो बाय माझे! थेरपी नको कुठे म्हणाली? कदेल नको, खुर्ची नको! आपण सगळ्यांनी नुसतं 'नाका' ऐकलं!"

सुदेश ओशाळून मावशीकडे वळला. "मग मावशी, घरी कामाला बसता कुठे?"

"भुंयेर! आदोळेर!" मावशी उसळली. "कदलार बसून नारळ कोण कातता रे?"

पोरं कँटीनकडे धावली. आदोळी, म्हणजे खवणीची विळी, आणि फोडलेला नारळ आणला; धारेला फडकं गुंडाळून खवणी तेवढी उघडी ठेवली. मावशीला जपून जमिनीवर बसवून गौरवी तिच्या पाठीशी टेकली. मावशीने अर्ध्या नारळाची कवड दोन्ही हातांत धरली. ठोकळा न धरणारा उजवा हात कवडीवर घट्ट मिटला आणि हळूहळू फिरू लागला. ताटात खोबऱ्याचा पांढराशुभ्र चव पडला. सुदेशने शिट्टीच मारली. मॅडमना तर नाचावंसं वाटलं.

अनंत सर लगबगीने पुढे आले. "बघा, खांद्याला आधार मिळाला, म्हणून मनगट..."

"सर!" मॅडम कडाडल्या. "सांगायचं नाही. विचारायचं!"

सर पँट सावरत पोरांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बरं. सांगा पाहू, मनगट का वळलं?"