तपासनिसाचा पाहुणचार

मदत संस्थेचा तपासनीस येणार म्हटल्यावर माझ्या सासूबाईंनी, रस्मियांनी, शेजाऱ्यांकडून चांगल्या गाद्या मागून आणल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. खान युनिसच्या निर्वासितांच्या छावणीतच त्यांचा जन्म गेला. माझा नवरा सुतार, पण लाकूड सीमेवर अडलेलं, म्हणून तो घरी बसून. पीठ आणि तेलाच्या कुपनावर आमची पोरं जगत होती. ते चालू राहणार की बंद होणार, हे तो माणूस ठरवणार होता.

"आत्याबाई, तो आपली गरिबी बघायला येतोय," मी म्हटलं.

"येतोय ना? मग पाहुणाच तो."

गाद्यांपाठोपाठ वेलदोड्याची कॉफी आली. शेजारणीची अंडी देणारी कोंबडी आली आणि तिची मानही गेली. तपासनीस फखरी पलीकडच्या गल्लीत वाढलेला, आमच्यातलाच. नको नको म्हणत पोटभर जेवला, आत्याबाईंच्या हाताला दुवा दिला. मग गाद्या बघितल्या, हाडं बघितली आणि जे दिसलं ते लिहून नेलं. कुपन बंद झालं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! बडा घर पोकळ वासा म्हणतात, आमचं तर घरही बडं नव्हतं.

मी त्याच्या कचेरीत जाऊन भांडले. तुझी आई असंच करत नाही का, असं तोंडावर विचारलं.

"करते," तो खाली बघत म्हणाला. "पण देणारे लांब बसलेत, ताई. त्यांना कोंबडी कळते, पाहुणा कळत नाही. मी पुन्हा येतो. या खेपेला काही ठेवू नका."

मग मी सगळं हातात घेतलं. आमची स्वतःची कॉफीची किटलीसुद्धा शेजारी नेऊन ठेवली. तुम्ही जागच्या हललात तर नातवंडं उपाशी मरतील, असं आत्याबाईंना बजावलं. जरा जास्तच बोलले, पण बोलले.

फखरी उघड्या फरशीवर बसला. आमच्यात कॉफी झाल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. त्यामुळे आत्याबाईंना सुरुवात कुठून करावी तेच कळेना. नुसत्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. तो विचारत गेला, मी उत्तरं देत गेले. पाण्याचंही कोणी विचारलं नाही.

तो निघाला तेव्हा त्या दारापर्यंत गेल्या.

"बाळा, माफ कर," त्या म्हणाल्या. "आज या घरात कोणी राहत नव्हतं असं समज."

कुपन पुन्हा सुरू झालं. पहिलं पीठ आलं त्या दिवशी मी रोट्या भाजल्या, पोरं तुटून पडली, मीही पोटभर खाल्लं. मला लाज वाटली नाही. लाज त्या देणाऱ्यांना वाटायला हवी.

आत्याबाई आता दारात बसत नाहीत. दारात बसलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला 'या' म्हणावं लागतं.