साहेबांनी दिलेली मुलाखत

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या आकाराम खोतानं चाळिशी उलटल्यावर मानसशास्त्रात पीएच.डी.चा घाट घातला, तेव्हा भावकीनं पोट धरून हसून घेतलं. 'आता येड्यांचा डाक्टर हुणार व्हय?' आकाराम कुणाच्या बापाचं ऐकणारा नव्हता. विषयही त्यानं घरचाच निवडला: फौजेतून परतलेल्या माणसांची झोप आणि भीती. गावोगाव हिंडून त्यानं माजी सैनिकांच्या मुलाखती घेतल्या. एकूण एक गड्यानं सांगितलं, झोप झकास, भीती कसली, सगळं ठीक.

त्याच्या मार्गदर्शक आदिती मगदूम वयानं त्याच्यापेक्षा लहान, पण जिभेला धार. मुलाखती ऐकून त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"खोत, एवढी गाढ झोप तर माझं तान्हं बाळही झोपत नाही. तुम्ही प्रश्न विचारताय की हजेरी घेताय?"

आकारामला ते झोंबलं, कारण खरं होतं. पलटणीत दरबार भरायचा, साहेब विचारायचे, 'कोई तकलीफ?' आणि सगळे एका सुरात 'नहीं साहब' म्हणायचे. तकलीफ सांगेल त्याची वर्षभर चेष्टा. आता गावागावांत हीच माणसं सुभेदारसाहेब येणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून त्याच्यापुढं बसली होती. पुढच्या आठवड्यात ह्याच मुलाखती घेऊन विद्यापीठाच्या समितीपुढं उभं राहायचं होतं.

त्यात शाहूवाडीकडच्या शालूबाईचा फोन आला. तिचा नवरा बाळासो पलटणीत आकारामच्याच हाताखाली होता.

"साहेब, ह्यांनी तुमास्नी काय सांगितलं?"

"ठीक हाय म्हणाला की."

"कशाचं ठीक! वरातीत फटाकं वाजलं, तर पोरीला खाली पाडून तिच्या अंगावर पडलं. तवापासनं गोठ्यात बसून हाईत. जेवत न्हाईत, घरात येत न्हाईत. मला लई भ्या वाटतंय, साहेब."

आकारामच्या कागदात बाळासो ठणठणीत होता. त्यानं फोन ठेवला. गाडी काढून निघाला खरा, पण वाटभर एकच धास्ती: आपण विचारणार आणि बाळासो पुन्हा 'ठीक' म्हणणार. दुसरी धास्ती त्याहून वाईट होती. बाळासोचं तोंड उघडायचा एक मार्ग त्याला ठाऊक होता, पण तो धरला तर स्वतःची अब्रू जायची. विद्यापीठात कळलं तर म्हणतील, हा स्वतःच पेशंट, हा कसलं संशोधन करतोय? आणि बाळासोच्या पोटात काही टिकत नाही, हे तर सगळ्या पलटणीला माहीत होतं.

गोठ्यात म्हशीशेजारी पोत्यावर बाळासो बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. साहेबांना बघताच ताडकन उठून उभा राहिला.

"कसा हाईस?"

"ठीक हाय, साहेब."

"झोप?"

"एकदम ठीक, साहेब."

आकारामला वाटलं, इथूनच मागं फिरावं. आलो, विचारलं, काम झालं. पण दारात शालूबाई तोंडाला पदर लावून उभी होती. तो खाली पोत्यावर, शेणाशेजारीच बसला आणि प्रश्नांचा कागद बाळासोच्या हातात कोंबला.

"आता तू इचार. मी सांगतो."

"मी? तुमास्नी?"

"इचार म्हणतोय न्हवं!"

हुकूमच तो. बाळासोनं अडखळत वाचलं, "झोप... लागते का?"

आकारामच्या जिभेवर आपसूक 'ठीक' आलं. त्यानं ते गिळलं.

"लागत न्हाय. माझी बायकू धोंडुबाई मला हात लावून उठवत न्हाय, दारातनं हाक मारती. एकदा तिनं खांद्याला हात लावला, तर मी झोपंतच तिचा गळा धरला. तिचं डोळं पांढरं झालं, तवा शुद्धीवर आलो. हे मी कुणाला सांगितलं न्हाय."

बोलून गेला. आता परत घेता येणार नव्हतं. बाळासो हळूहळू गुडघे वाकवून त्याच्या शेजारी बसला.

"आकाराम," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं साहेब सोडून दुसरी हाक मारली नव्हती. "पोरगी माझ्या हाताखालनं घुसमटत 'आबा, मी हाय, मीच हाय' म्हणत हुती. मला ऐकू येत हुतं. तरी मी तिच्या तोंडावरचा हात काढला न्हाय."