नळाच्या पाण्यातली कावीळ

ही गोष्ट २०१८ सालची. त्या वर्षी भोपाळ एप्रिलमध्येच तापलं होतं, आणि जवाहर चौकाच्या मागे आमच्या क्वार्टरांसमोरच्या मैदानात निर्मळनाथ महाराजांचा मांडव पडला होता. छप्पन साली राजधानी इथे आली, तेव्हा वडिलांच्या कचेरीबरोबर आम्ही नागपूरहून आलो. तेव्हा नळाच्या पाण्याला औषधाचा वास आला की आई म्हणायची, "आज पाण्यात औषध घातलंय. प्या निर्धास्त." मला अजून तो वास आवडतो.

मांडवात रोज सकाळी गर्दी. महाराज दोन ग्लास पुढे ठेवायचे. एकात समोरच्या नळाचं ताजं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या उघड्या हंड्यांतलं, दोन दिवस उन्हात 'सूर्यस्नान' घातलेलं. मग चांदीच्या झारीतून दोन्हींत चार-चार 'गंगाबिंदू'. नळाचं पाणी बघता बघता पिवळं व्हायचं. हंड्यातलं जसंच्या तसं.

"देखो माई, देखो! ये क्या निकला? पीलिया! नल से बीमारी पी रहे हो आप लोग!"

कावीळ म्हटल्यावर बायका तोंडाला पदर लावायच्या.

"और मेरा जल उबालना मत. उबाला तो मंत्र भाप बनके उड़ जाएगा."

"मग वाफच हुंगायला द्या की, महाराज!" मी मागून म्हणाले. कुणी हसलं नाही.

हंड्यातलं पाणी बाटलीत भरून न्यायच्या रांगेत सर्वांत पुढे आमच्या शेजारचे मधुकरराव. त्यांचा धाकटा भाऊ चौऱ्याऐंशीच्या गॅसमध्ये गेला. तेव्हापासून नळाच्या पाण्याला त्या औषधाचा, क्लोरीनचा, वास आला की त्यांची छाती दाबून यायची. आता त्यांच्या सुनेला, शिल्पाला, पाचवा महिना होता. मी म्हटलं, "भाऊजी, पोरीला उकळलेलं पाणी द्या हो."

"वहिनी, तुम्ही तो वास नाकात घेऊन पळाला नाहीत. मी पळालोय. माझ्या नातवाच्या पोटात ते विष जाऊ देणार नाही."

शिल्पा मला जिन्यात भेटायची. "काकू, या पाण्याला मातीचा वास येतो. पण सासऱ्यांना वाईट वाटेल," म्हणायची आणि बाटली उचलायची.

माझी मैत्रीण सिंधू पाण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. ती मुलीकडे इंदूरला होती. मी तिला फोन करायला हवा होता. केला नाही. महाराजांच्या नकला करून हसत राहिले. मेअखेर ती परतली आणि एका सकाळी माझ्याबरोबर मांडवात आली. पिवळा ग्लास बघून कपाळावर हात मारला तिने.

"अगं, हे तर आमचं क्लोरीन तपासायचं औषध! पिवळं झालं म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, जंतू मारणारं. ते उन्हात उघडं ठेवलं की काही तासांत उडून जातं. मग रंग कुठून येणार? हा मेला चांगल्या पाण्याला कावीळ म्हणतोय, आणि उघड्यावरच्या पाण्याला तीर्थ!"

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या कूलरच्या टाकीतलं पाणी ग्लासात भरून आणलं. महिनाभराचं, हिरवट, त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. बाजारातून आणलेल्या त्याच औषधाचे थेंब तिने सगळ्यांसमोर टाकले. पाणी पिवळं झालं नाही.

"बघा, पिवळं नाही! मग हे शुद्ध झालं का? प्याल का हे?" तिने ग्लास फिरवला. "यांच्या हंड्यांतलं अर्धं पाणी नाल्याकाठच्या विहिरीचं असतं. मी काल भरताना पाहिलंय. त्यात सगळ्यांचे हात बुचकळतात."

दोघी-तिघींनी हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या. मला वाटलं, झालं, सुटलो.

महाराज उठले आणि दोन्ही हात वर केले. "जय हो! इस धरती का प्रताप देखो! गंदा पानी भी यहाँ आके शुद्ध हो गया!"

आणि मंडळी टाळ्या वाजवायला लागली. एका बाईने सिंधूच्या हातातल्या त्या ग्लासाला नमस्कार केला. मधुकररावांनीही केला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शिल्पाचे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, कावीळ पाण्यातून आली आहे आणि गरोदरपणात ती फार वाईट. दवाखान्यात तिने मला विचारलं, "काकू, मी उकळून प्यायले असते तर?" मी म्हटलं, "आता बोलू नकोस." नवव्या दिवशी ती गेली. बाळही गेलं.

महाराज त्याच आठवड्यात मांडव उचलून गेले. ते विदिशेकडे असल्याचं ऐकते. तिथेही ग्लास दोनच असतील. शिल्पाचा नवरा हैदराबादला बदली घेऊन गेला, वडिलांशी बोलत नाही. सिंधूने वर्षभर शाळाशाळांतून तो प्रयोग करून दाखवला, मग गुडघे दुखायला लागले आणि ती घरी बसली. मधुकरराव अजून शेजारीच आहेत. ते म्हणतात, महाराजांकडे जाण्याआधी सून नळाचं पाणी प्यायली होती ना, त्यानेच झालं. मी वाद घालत नाही. ते एक वाक्य काढून घेतलं तर त्या माणसाकडे दुसरं काय उरतं?

पण तुमच्याशी वाद घालते. कुणी ग्लासात रंग काढून दाखवला तर नमस्काराआधी विचारा, हे थेंब कसले? आणि पाणी झाकून ठेवा, उकळून प्या. एवढ्याने शिल्पा परत येणार नाही. तुम्ही ऐकाल, असंही मला फारसं वाटत नाही. तरी सांगते.