गल्लीवरची वायर

अबू दुरैदने कॉफीचा छोटा कप, फिंजान, हातात घेतला आणि न पिताच समोर जमिनीवर ठेवला. दाराआडून मी ते पाहिलं. आमच्याकडे पाहुण्याने कॉफी अशी खाली ठेवली, म्हणजे तो काहीतरी मागायला आलाय आणि शब्द मिळाल्याशिवाय तो पिणार नाही.

गल्लीतला मोठा जनरेटर त्याचा. इराकमधल्या आमच्या नासिरियात ऑगस्टमध्ये सरकारी वीज येते ती जायलाच, आणि ती गेली की सगळी गल्ली त्याच्या मेहेरबानीवर. मी घरी बसून दुबईतल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिते. सगळा भार एकाच मशीनवर टाकू नये, एक बंद पडलं तर दुसऱ्याने काम उचलावं, हे आमच्या धंद्यात सुरुवातीलाच शिकवतात. गच्चीवर मी तेच केलं. सोलर बसवलं, बॅटऱ्या आणल्या आणि एक वायर गल्लीवरून समोरच्या जब्बारकाकांच्या खोलीत नेली. काकांच्या फुप्फुसांनी केव्हाच हात टेकलेत. ऑक्सिजनचं मशीन थांबलं की ओठ निळे पडतात, आणि जनरेटर तर डिझेल संपलं, इंजिन तापलं म्हणून रोजच थांबायचा. वायर गेल्यापासून त्यांच्या बायकोला, बद्रियाकाकूंना, जरा झोप लागत होती.

"हाजी, तुमच्या दारी एक काम घेऊन आलोय," अबू दुरैद बाबांना म्हणाला.

बाबा, काय काम ते आधी विचारा, मी मनातल्या मनात म्हणत होते. पण बाबांची सगळी हयात पोस्टाच्या खिडकीमागे गेली. पाहुण्याला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. शिवाय दारात त्याची दोन माणसं उभी होती, आणि एकाच्या शर्टाखाली कमरेला काय फुगलंय हे मला दाराआडूनही कळत होतं.

"कॉफी घ्या, अबू दुरैद. तुमचं काम झालं समजा," बाबा म्हणाले.

त्याने कॉफी प्यायली आणि मग काम सांगितलं. "पोरीचं सोलर पोरीला लखलाभ. पण गल्लीवरून वायर नको. आज जब्बारला दिली, उद्या सगळे मागतील. मग मी काय जनरेटर कवटाळून बसू?"

त्याची माणसं हसली. बाबाही हसले, भीतीने.

ते गेल्यावर मी बाबांवर तुटून पडले. "न ऐकताच शब्द दिलात? काका मरतील, बाबा."

"ऐकून तरी काय केलं असतं? ती माणसं पाहिलीस ना?"

"मग मोडा शब्द."

"मोडला तर उद्या गच्चीवर काही राहणार नाही. घरात कोण राहील तेही मला माहीत नाही." माझ्या बापाला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळे मीच जास्त घाबरले.

ते उठून खिडकीशी गेले आणि समोर जब्बारकाकांच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या खोलीत अजून एक खाट मावेल का गं?"

बॅटऱ्यांची वीज त्याच खोलीत होती, तरी मी बघतच राहिले. लग्नाच्या पोरीच्या खोलीत परका पुरुष, हे बाबा बोलत होते.

"लोक बोलतील, बाबा."

"बोलू देत. वायरचा शब्द दिलाय, पाहुण्याचा नाही."

भर उन्हात आम्ही काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. पुढून बाबा, मागून मी, आणि काकू मशीन छातीशी धरून. जनरेटरच्या सावलीत बसलेल्या अबू दुरैदच्या त्या दोघांपैकी एक उठून वाटेत आला.

"हाजी, हे काय चाललंय?"

"पाहुणा घरी नेतोय," बाबा म्हणाले. त्यांचे पाय थांबले नाहीत. काकांचे ओठ निळे पडायला लागले होते. त्या माणसाने काकांकडे पाहिलं, मग फोन काढला आणि कानाला लावला. आम्ही त्याला वळसा घालून गेलो.

मशीन माझ्या टेबलाशेजारी सुरू झालं तेव्हा बाबा गच्चीवर चढले. स्वतः वायर कापली, नीट गुंडाळली आणि खाली जाऊन त्या माणसाच्या हातात दिली.

"अबू दुरैदला सांग, हाजीने शब्द पाळला."

मग घरात येऊन त्यांनी दाराची कडी लावली आणि काकांच्या खाटेला टेकून जमिनीवरच बसले. मी कॉम्प्युटर बंद केला, बॅटरी काकांना पुरावी म्हणून. बाहेर अबू दुरैदची गाडी येऊन थांबली. काकूंनी काकांचा हात धरला, आणि बाबा उठून, सदऱ्याची बटणं नीट लावून, दाराकडे गेले.