अर्ध्यावर थांबलेली बांग

मोबाईल खिशाखिशात यायच्या आधीची गोष्ट. त्या गल्लीत रमजानच्या संध्याकाळी एकाच माणसाचा शब्द चालायचा, घड्याळजीचा. कोपऱ्यावरच्या खोक्याएवढ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून तो लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा, आणि नमाजाच्या वेळी मशिदीच्या गच्चीवरच्या खोलीत जाऊन बांग द्यायचा. गल्लीच्या पश्चिमेला गोदामाची उंच भिंत होती, त्यामुळे खाली कुणालाच मावळता सूर्य दिसत नसे. घड्याळजीने बांग दिली म्हणजे सूर्य बुडाला, रोजा सुटला, संपला विषय! गड्याला त्याचा थोडा ताठाही होता. का नसावा?

त्या दिवशी दुपारपासून आभाळ गच्च भरलेलं. गच्चीवरच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, ते त्याने दुपारीच साफ केलं, मनगटावरच्या घड्याळाशी जुळवलं आणि परत टांगलं. संध्याकाळी काटा जागेवर आला. त्याने खजूर तोंडात टाकला, पाण्याचा घोट घेतला, माईक चालू केला आणि डोळे मिटून बांग सुरू केली. खालून पेल्यांचे आवाज आले. दिवसभर कोरड पडलेल्या घशांखाली पाणी उतरत होतं.

पहिल्या ओळी संपवून श्वास घ्यायला त्याने डोळे उघडले, आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. ढग फाटला होता. समोरच्या खिडकीत, गोदामाच्या छपराच्या वर, सूर्य! चांगला लालबुंद, अजून वीतभर वर.

त्याने झटकन माईक बंद केला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं. दोन्ही सारखीच वेळ दाखवत होती. मग त्याला आठवलं. पहाटे मनगटावरचं घड्याळ बंद पडलेलं होतं, आणि चावी देऊन ते त्याने लावलं होतं स्वैपाकघरातल्या घड्याळावर. बायको रमजानभर ते घड्याळ मुद्दाम पुढे ठेवायची, पहाटेच्या सहरीच्या जेवणाला उशीर नको म्हणून. दर वर्षी ठेवायची. त्याला पक्कं ठाऊक होतं. अर्धवट झोपेत विसरला, दुसरं काय!

जिन्यावर धपधप पावलं वाजली. मेहुणा वर आला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मशिदीच्या कमिटीचा सेक्रेटरी. हातात अर्धा खाल्लेला खजूर.

"दाजी, माईक गेला का?"

घड्याळजीने नुसतं खिडकीकडे बोट केलं. मेहुण्याने बघितलं आणि तो मटकन खाली बसला.

"या अल्लाह! अख्ख्या गल्लीने रोजा सोडला की हो."

"माझ्यामुळे सोडला."

"कुणी बघितलंय?"

"खालून काय दिसणार? भिंत आहे."

मेहुणा उठला. त्याने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मग पुढची बांग द्या. घटकाभरात बुडेल तो. ज्यांना ठाऊकच नाही, त्यांना कसला गुन्हा?"

"त्यांना ठाऊक नाही. आपल्याला आहे ना."

"दाजी, आता शहाणपणा नको! कमिटीत आधीच वेळेवर आपोआप वाजणारा भोंगा बसवायचं चाललंय. हे कळलं तर तुमच्या हातातली गच्चीची किल्ली मलाच काढून घ्यावी लागेल. राहती मशिदीमागची खोली जाईल. माझ्या आपाला, सख्ख्या बहिणीला घेऊन कुठे जाणार या वयात? आणि या उन्हातले रोजे, लोक तुम्हाला सोलून काढतील. द्या बांग, पाया पडतो."

खरं सांगायचं तर घड्याळजीही घाबरला होता. खोली गेली तर जायचं कुठे, हे त्यालाही माहीत नव्हतं. मेहुणा वाईट माणूस नव्हता, वैऱ्यासारखं बोलत नव्हता, हेच तर अवघड होतं. खाली लोक गप्प होऊन पुढच्या बांगेची वाट बघत होते. बटणावर त्याचं बोट होतं.

त्याला दुपार आठवली. दुकानाची फळी ओढलेली, आत तो एकटा. नमाजाआधी वुजूसाठी हातपाय धुताना चूळ भरायला तोंडात गार पाणी घेतलं होतं. घसा नुसता जळत होता. गिळलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं असतं? पण त्याने ते शेवटच्या थेंबापर्यंत थुंकून टाकलं. रोज थुंकायचा. मग ते कोणासाठी थुंकत होतो आपण? बंद दाराआड बघणारा एकच आहे, हे अंगात मुरावं म्हणून तर माणूस दिवसभर उपाशी राहतो. आताही दार बंदच होतं.

"सरक बाजूला," तो मेहुण्याला म्हणाला, आणि बटण दाबलं. "थांबा. कुणी काही खाऊ नका. सूर्य अजून वर आहे. बांग लवकर दिली गेली, चूक माझी आहे. आजचा रोजा सगळ्यांना पुन्हा ठेवावा लागेल. मला माफ करा."

मग जो गलका उठला तो काय सांगावा! कुणी ओरडलं, "घड्याळजी का झोपाळजी?" कुणी त्याच्या डोळ्यांचा उद्धार केला, एका म्हातारीने तर त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो खिडकीशी उभा राहून सगळं ऐकत होता. भरल्या ताटांपुढे सगळी गल्ली हात आवरून बसली होती. सूर्य मात्र आपला निवांत उतरत होता. तो बुडाल्यावर मेहुण्याने हात पुढे केला. घड्याळजीने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. ती बांग मेहुण्याने दिली, आणि देताना त्याचा आवाज फाटला.

घरी बायको स्वैपाकघरातलं घड्याळ मांडीवर घेऊन रडत बसली होती. तिला सगळा उलगडा झाला होता.

"याच्यामुळे झालं म्हणून सांगितलंत का लोकांना?"

"काय म्हणून सांगू? घड्याळ तुझं, पण काटा मी फिरवला."

"मी जाऊन सांगते."

"गप बस. उद्या सहरीला उठवायचंय मला. ते भिंतीवर लाव, पुढेच असू दे."

ईदच्या आत भोंगा बसला. खोली महिनाअखेर सोडा, असा निरोप आला. घड्याळजी दुकानातच असायचा. लोक घड्याळं आणून द्यायचे, पण बोलायचं जिवावर यायचं त्यांच्या.

ईद झाल्यावर गल्लीने एक दिवस ठरवून तो राहिलेला रोजा ठेवला. अर्थात त्यानेही ठेवला. त्या संध्याकाळीही ढग होते. भोंगा वाजला. घड्याळजीने खजूर उचलला, पण गल्लीत पेल्यांचा आवाज काही आला नाही. त्याने मान बाहेर काढून बघितलं. ओट्याओट्यांवर माणसं ताटं पुढे घेऊन बसली होती. कुणीच हात लावला नव्हता.

मेहुणा लगबगीने दुकानाशी आला. त्याच्या हातात गच्चीची किल्ली होती.

"दाजी, वर चला. कुणी पाणीसुद्धा घेत नाहीये. ती म्हातारी तर अडूनच बसलीय."

"का? भोंगा झाला की."

"म्हणतात, भोंग्याचं राहू दे. घड्याळजीने सूर्य बघितलाय का, ते विचारा."

घड्याळजीने हातातला खजूर परत ताटलीत ठेवला, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि डोळे पुसत मशिदीच्या जिन्याकडे निघाला.